पक्कं होण्याआधीचे वझे

वझे तयार गोष्टीला हात लावत नाहीत. इथं बहरीनमध्ये, आमच्या बुसैतीन भागात नवं हॉटेल उघडणार असेल, तर पाटी लागण्याआधी ते तिथं जेवून येतात आणि डाळीत काय चुकलं ते मालकाला सांगतात. हॉटेल रीतसर सुरू झालं की पुन्हा त्या दारात नाहीत. "पक्कं झालं की खलास," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आम्ही एकाच इमारतीत राहतो, मनामातल्या एकाच ऑफिसात काम करतो. कंपनीचा डेटाबेस वझे सांभाळतात. गेल्या उन्हाळ्यात त्या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरची प्रीव्ह्यू आवृत्ती आली. म्हणजे अजून पक्की न झालेली, वापरून बघा आणि चुका कळवा अशी. वझ्यांनी ती बाजूला पडलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर घातली आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिच्यासमोर बसू लागले.

"वझे भाई, असली काम पुराने सॉफ्टवेयर पे ही चलेगा, हां?" आमचे साहेब यूसुफ यांनी बजावलं.

"इंशाल्ला."

"इंशाल्ला नहीं वझे, हां बोलो!"

चूक लवकरच सापडली. नवं सॉफ्टवेअर डेटाची साफसफाई रविवारी काढायचं, सुट्टी समजून. बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवारी सगळं ऑफिस कामाला लागलेलं असतं. वझ्यांनी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कडक शब्दांत कळवलं. उत्तर आलं: आभार, दुरुस्त करतो, आणखी काय खटकतं? ते त्यांनी प्रत्येक टेबलाशी जाऊन वाचून दाखवलं. "बघा, विचारतात!" मग त्यांना रोज काहीतरी खटकू लागलं. बटणाचा निळा रंगसुद्धा.

थंडीच्या सुरुवातीला पक्की आवृत्ती आली. रविवारची चूक दुरुस्त झाली होती. 'चूक कळवा' हे बटण मात्र काढून टाकलेलं होतं. त्या दिवशी वझ्यांनी डबा न उघडताच परत नेला.

गाडीत मी म्हटलं, "अहो, तुमचं ऐकलं त्यांनी. आनंद व्हायला हवा."

"झाला की."

मुहर्रकचा पूल मागे पडला. मग वझे म्हणाले, "सुधा भाजी गॅसवर असतानाच हाक मारायची. अहो, चाखून सांगा. काहीतरी सांगावंच लागायचं. आता करतो मीच, चाखतोही मीच."

सुधावहिनी गेल्या, त्याला काही वर्षं झाली. त्यांच्याबद्दल वझे एवढं कधी बोलले नव्हते.

घरी आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. शुक्रवारी सकाळी मटकीची उसळ वाटीत घेऊन ती वझ्यांच्या दारात उभी राहिली. मी मागे होतो.

"भाऊजी, अजून गॅसवरच आहे. काय कमी आहे, सांगा."

वझ्यांनी आतून चमचा आणला. डोळे मिटून घास घोळवला. बराच वेळ घेतला.

"मीठ बरोबर. गूळ हवा थोडा."

"नक्की?"

"घालून आणा. मग सांगतो."

आम्ही कोल्हापूरकडचे. आमच्या घरी उसळीत गूळ चालत नाही. तिनं घातला.