सासरेबुवांचा लॉरेलचा मुकुट

"या घरात फुलापानांतलं कळतं ते फक्त मला!" फुलवाल्याने बायकोला ठणकावून सांगितलं. "गुलाब म्हणजे प्रेम, हे शेंबडं पोरही सांगेल. पण लॉरेल? लॉरेल म्हणजे विजय! पूर्वी रोममध्ये लढाई जिंकलेल्या सेनापतीच्या डोक्यावर याच पानांचा मुकुट ठेवायचे. कवींच्यासुद्धा! झाड बारा महिने हिरवं, म्हणून कीर्तीही बारा महिने हिरवी. आणि या झाडावर म्हणे वीज पडत नाही!"

"दिसतं तर तमालपत्रासारखं," बायको म्हणाली.

"चुलत बहीण आहे त्याची. पण हिला फोडणीत टाकायचं नाही!"

आज लॉरेल आणायला कारणही तसंच होतं. सासरेबुवांनी शेजारच्या घड्याळजींना बुद्धिबळात हरवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा! रोज संध्याकाळी दोघे म्हातारे दारात पट मांडायचे, रोज सासरेबुवा हरायचे आणि "उद्या बघतो तुला!" म्हणत उठायचे. तो उद्या काल उगवला होता.

फुलवाल्याचाही त्यात जीव अडकला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासरेबुवा त्याला "अहो फुलवाले" अशीच हाक मारत. एकदा तरी त्यांनी "जावईबापू" म्हणावं, एवढीच बिचाऱ्याची इच्छा. मुकुट पाहिल्यावर न म्हणून सांगतात कुणाला?

तो तार घेऊन बसला. पण दुकान चालायचं ते मयतीच्या पुष्पचक्रांवर. हात सवयीच्या वाटेने गेले आणि जो मुकुट तयार झाला, तो म्हशीच्या गळ्यातही सैल झाला असता!

"हरकत नाही, दारावर लावू. सगळ्या गल्लीला दिसेल!" विजय कुणाचा ते कळावं म्हणून त्याने मधोमध सासरेबुवांचा हसरा फोटो अडकवला. खाली पांढरी रिबीन बांधली, तीही सवयीनेच. बायको बाजारात गेली होती आणि सासरेबुवा आत दुपारची झोप काढत होते. सगळं दारावर टांगून हा मिठाई आणायला गेला.

परत येतो तो काय, दारात ही गर्दी! पेपरवाला टोपी काढून उभा. शिंपीणबाई डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, "कालच तर जिंकले हो! आनंद सोसला नाही."

"धीर धरा," पेपरवाल्याने फुलवाल्याला मिठी मारली. मग त्याची नजर खाली गेली. "सासरे गेले आणि तुम्ही मिठाई आणलीत?"

फुलवाला मागच्या दाराने आत पळाला. सासरेबुवा पुढच्या दाराला कान लावून उभे होते.

"आबा, बाहेर चला, घोटाळा झालाय!"

"गप्प बसा हो, फुलवाले! शिंपीणबाई मला सज्जन म्हणतायत. मी समोर असताना कधी म्हणाल्या? होऊ द्या त्यांचं."

तेवढ्यात बाहेर घड्याळजींनी हंबरडा फोडला. "माफ कर रे मित्रा! काल मी मुद्दाम वजीर मारू दिला. तुझं पडलेलं तोंड बघवेना मला!"

धाडकन दार उघडलं.

"मुद्दाम?"

शिंपीणबाई मटकन खाली बसल्या. लॉरेलवर वीज पडत नाही, हे खरं असेल. पण लॉरेलच्या मागून ती बाहेर पडते, हे फुलवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"जिवंत आहेस!" घड्याळजी गळ्यात पडले.

"ते नंतर! मुद्दाम? मांड पट!"

मयतीला आलेल्या मंडळींसमोर डाव रंगला. घड्याळजींचे डोळे पुसून होईनात, पण आता मुद्दाम हरायची सोय नव्हती. सासरेबुवा हरले. सपशेल!

सासरेबुवा उठले, मुकुटातून आपला फोटो काढला आणि मुकुट घड्याळजींच्या डोक्यावर ठेवला. तो थेट कमरेवर जाऊन थांबला.

"विजय तुझाच, गाढवा," ते म्हणाले. "पण माझ्यासाठी इतका रडशील, वाटलं नव्हतं. उद्या बघतो तुला!"

मग ते वळले. "जावईबापू!"

फुलवाल्याच्या हातातला मिठाईचा पुडा निसटता निसटता राहिला. "काय, आबा?"

"काम झकास केलंत. माझ्या खऱ्या वेळेलाही अस्संच करा. फोटो मात्र दुसरा लावा, यात भांग वाकडा आलाय."

फुलवाल्याने मान डोलावली. हाक मिळाली खरी, पण ऑर्डरीसकट!