ज्ञानोबानानांची धावपट्टी

माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाची गाडी मांडवाकडे निघाली आणि आमचे शेजारी ज्ञानोबानाना तिच्या चाकापुढं चक्क गुडघ्यांवर बसले. बँड थांबला. व्याही माझ्याकडं असे बघायला लागले, की धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. नानांनी शांतपणे एक खिळा आणि दोन खडे उचलून खिशात टाकले, हात वर केला आणि म्हणाले, "जाऊ द्या. क्लिअर हाय."

नाना हवाई दलातून रिटायर झालेले. आमच्या वडीगोद्री गावात सगळे त्यांना मेजर म्हणतात आणि ते उखडतात. "मेजर लष्करात असतो. मी बेसवर होतो, बेसवर!" त्या तळावर रोज सकाळी रांगेनं चालत धावपट्टीवरचे खडे वेचायचं त्यांचं काम. एवढासा खडा इंजिनात गेला की विमान गेलंच म्हणे. तळाचा सगळा इतिहास ते माझ्या हार्डवेअरच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना ऐकवतात. "आधी तिथं शिकाऊ पोरं उडायची. मंग लढाऊ विमानं आली, मंग मालवाहू. महापुरात तर आम्ही विमानात पिठाची पोती भरून राह्यल्तो!" तोवर खिळे घ्यायला आलेलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलेलं असतं. माझं डोकं फिरतं.

मागच्या आठवड्यात मोबाइलवर बातमी आली, की त्या तळावरून आता बिनवैमानिकाची विमानं उडणार. मी ती मुद्दाम, जरा खवचटपणेच वाचून दाखवली. म्हातारा भडकणार, याची मला खात्री होती.

नाना ताडकन उठले. "आत कोणीच न्हाई?"

"कोणीच नाही."

"अन् पडलं तर?"

"पत्रा जाईल, दुसरं काय."

आणि हा माणूस भर दुकानात ढसाढसा रडायला लागला. मी हादरलोच. हातातलं वजन तसंच हातात राहिलं.

"आमचा एक पायलट न्हाई आला परत," ते म्हणाले. "पोरगंच व्हतं. साहेब म्हणले, पक्षी धडकला. पण त्या दिवशी पट्टी मी बघितल्ती. मला अजून वाटतं, माझ्याच नजरंतून खडा राहिला असंल."

मी त्यांना पाणी दिलं. विमानात माणूसच नसणार, तर निदान आता तरी त्यांचं हे खडे वेचणं सुटेल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी स्कूटीवर कॉलेजला निघाली, तर नाना आमच्या फाटकापुढं वाकून रस्ता बघत होते.

"नाना, आता कशाला?" मी विचारलं.

"हिच्यावर तर माणूस बसलंय ना," ते म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. "जा बाई. क्लिअर हाय."

मग ते आपल्या ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी तिची स्कूटी फाटकातून आत आली, तेव्हाच उठून घरात गेले.