हेर चेन यांची काळी बॅग

आमच्या बिल्डिंगमधले हेर चेन, म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत चेन, कचरा टाकायला जातानाही पासपोर्ट घेऊन जायचे. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात, गळ्यात अडकवून, शर्टाच्या वरून, सगळ्यांना दिसेल असा. त्यांच्या दारापासून मागच्या अंगणातले डबे जेमतेम वीस पावलांवर. पण वाटेत कोणी विचारलं तर?

इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. शिवाय आम्ही जर्मनीत, आणि तो पासपोर्टही जर्मनच होता. हे कळलं तेव्हा मला हसू आलं. ते मात्र गंभीरपणे म्हणाले, "देणारा परतही मागतो."

मी तेव्हा नागपूरहून कार्ल्सरूहेच्या युनिव्हर्सिटीत संशोधनाला आलेली, दर वर्षी व्हिसा वाढवून घेणारी बाई. मुळात भित्री, त्यात हा शेजार. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालं.

हेर चेन ऐन तारुण्यात हाँगकाँगहून बोटीवरचे स्वयंपाकी म्हणून निघाले, हांबुर्गला उतरले आणि फिरत फिरत इथे येऊन त्यांनी रेस्टॉरंट काढलं. तीन मुलं त्या किचनमागच्या टेबलावर अभ्यास करून मोठी झाली. मुलगी दातांची डॉक्टर, दोघे मुलगे इंजिनिअर. दर रविवारी सगळा गोतावळा जेवायला जमायचा. आजोबांनी चिनीत विचारलं की नातवंडं जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि आजोबा ते मान खाली घालून ऐकायचे.

त्यांचा प्रश्न एकच असे, "कागद आहे?" मी जुनी सायकल घेतली, कागद आहे? माझं लग्न ठरलं, अभिनंदन, कागद आहे? कोणी रद्दी कागदाच्या डब्यात काच टाकली तर हे हातमोजे घालून ती काढायचे. "आपल्यावर येईल," म्हणायचे. त्या 'आपल्या'त त्यांनी मला धरलंय याचं बरंही वाटायचं आणि धडकीही भरायची.

दाराजवळ एक काळी बॅग कायम तयार. मुलीला वाटायचं, हॉस्पिटलसाठी असेल. मला वाटायचं, पळून जायची तयारी. खोटं कशाला बोलू, पुढे मीही माझी एक भरून ठेवली.

ते नव्वदीला टेकले त्या वर्षी राटहाउसमधून, म्हणजे नगरपालिकेतून, त्यांना पत्र आलं. शहराचा शिक्का असलेलं जाड पाकीट. चार दिवस ते त्यांनी फोडलंच नाही. पाचव्या दिवशी माझ्या दारात उभे राहिले. मुलांना का नाही दाखवलं, असं मी विचारलं, तर म्हणाले की मुलं न वाचताच 'काही नाही हो, पप्पा' म्हणतात. तू अजून व्हिसावर आहेस, तू खरं काय ते सांगशील.

मी पाकीट फोडलं. आत महापौरांच्या शुभेच्छा होत्या. नव्वदाव्या वाढदिवसानिमित्त गुरुवारी अकरा वाजता त्यांच्या प्रतिनिधी भेटायला येतील, असं लिहिलं होतं. मी दोनदा वाचून दाखवलं. हेर चेन यांचा चेहरा आणखी उतरला.

"घरी येणार? मग नक्की काहीतरी आहे. ते आधी गोडच लिहितात."

गुरुवारी त्यांनी मलाही बोलावून घेतलं. टेबलावर केक नव्हता. अकरा ऑर्डनर होते, म्हणजे इथल्या कागदपत्रांच्या त्या जाडजूड फायली, बोटीवरच्या करारापासून कालच्या लाइटबिलापर्यंत. हेर चेन सूट घालून त्यांच्यामागे बसलेले, गळ्यात पासपोर्ट. राटहाउसच्या बाई फुलं आणि वाइनची बाटली घेऊन आल्या. यांनी फुलं बाजूला ठेवली आणि पहिला ऑर्डनर पुढे सरकवला. बाई मोठ्या सज्जन. बिचारीने तीन ऑर्डनर चाळले. निघताना यांनी शुभेच्छांच्या कार्डावर 'सर्व कागद तपासले, ठीक आहेत' असं लिहून घेतलं आणि खाली तारीख मागितली.

आता तरी यांचा जीव भांड्यात पडेल, असं मला वाटलं. पण दार लागल्यावर ते हळूच म्हणाले, "म्हणजे ते पत्र अजून यायचंय."

कुठलं, असं विचारल्यावर त्यांनी ती काळी बॅग आणून उघडली. आत घडी केलेलं लाल रेशमी कापड, नवे हातमोजे, मऊ केसांचा ब्रश आणि एक कागद. कागद कब्रस्तानाच्या कचेरीतला. इथे थडग्याची जागा ठरावीक वर्षांपुरतीच मिळते, मग ती मोकळी करून दुसऱ्याला देतात. त्यांच्या बायकोची वीस वर्षांची मुदत त्याच ऑक्टोबरात संपत होती.

"मुदत वाढवून मिळते, हेर चेन. अर्ज करायचा फक्त."

"विचारलं तर नाही म्हणतील. विचारलं नाही तर कदाचित विसरतील." ते कापडाची घडी नीट करत राहिले. "मला परत पाठवलं तर मी जाईन कुठेही. तिला इथलं अक्षर वाचता यायचं नाही. तिचे सगळे कागद मीच भरले. ती एकटी कुठे जाईल?"

त्यांच्या गावाकडे काही वर्षांनी अस्थी काढून, पुसून, कुंभात ठेवतात. ते काम त्यांनी एकट्याने करायचं ठरवून ठेवलं होतं, नव्वदाव्या वर्षी. मला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे कब्रस्तानाच्या कचेरीत गेलो. ट्रॅममध्ये त्यांनी माझी बाही धरून ठेवली होती. खिडकीतल्या माणसाने फॉर्म घेतला, शिक्का मारला, आणखी वीस वर्षं. दहा मिनिटंही लागली नाहीत. हेर चेन यांनी तो शिक्का उजेडात धरून पाहिला आणि मग कचेरीतच खुर्चीवर बसून राहिले, बराच वेळ.

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. त्याच जागेत, बायकोशेजारी त्यांना ठेवलं. मुलं, सुना, जावई, नातवंडं, सगळे रडत होते. मी जरा मागे उभी होते. कोटाच्या खिशात त्या शिक्क्याच्या कागदाची झेरॉक्स होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात, आणि सगळं आटपेपर्यंत मी ती घट्ट धरून होते.

कोणी विचारलं नाही. पण विचारलं असतं, तर कागद होता.