फोल्डर स्वार जाहलें?

चेन्नईला बदली होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भलत्याच ठिकाणी जाऊन उभा राहिलो. वरच्या मजल्यावरच्या सेतुरावांनी जिन्यात गाठून सांगितलं होतं, "उद्यां सकाळीं माउंट. आपण कांहींच करणें नाहीं, सगळें आपोआप." आमच्या वेलचेरीपासून जवळच माउंट नावाचं स्टेशन आहे, वर टेकडी आहे. मला वाटलं, शेजारी सहलीला नेतायत. शेअर ऑटोत स्वतःला कोंबून, दहीभाताचा डबा मांडीवर सांभाळत मी माउंटला पोचलो आणि ताटकळलो. तेव्हा सेतुराव आमच्या घरात भिंतीला भोक पाडत होते आणि माझी बायको सुनंदा त्यांनाच विचारत होती, "हे कुठे गेले हो?"

हे माउंट कॉम्प्युटरमधलं, हे मला घरी आल्यावर कळलं. शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरमधलं फोल्डर आपल्या कॉम्प्युटरला जोडायचं, की ते आपल्याच घरात असल्यासारखं दिसतं. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेल्या सेतुरावांनी बिल्डिंगमधली सगळी बिऱ्हाडं निळ्या केबलनं अशी एकमेकांना बांधली होती. कॉम्प्युटर लावला की सगळ्यांची फोल्डरं आपोआप हजर!

सेतुराव तंजावरकडचे मराठी. भाषा बखरीतली, हेल तमिळ आणि विषय नेटवर्क. एरवी माउंटला त्यांचा शब्द 'स्वार'. जिन्यात, गच्चीवर, भाजीवाल्यासमोर एकच चौकशी, "फोल्डर स्वार जाहलें?" नाही म्हटलं की "अय्यो!" म्हणून अनवाणी धावत येणार. पासवर्ड चुकला तर "किल्लेदारानें दार अडविलें." वीज गेली तर "फौज पांगली." आणि सगळं जुळलं की दोन्ही हात वर करून, तमिळ-मराठी एकदम, "सरी! फत्ते!"

अडचण माझ्यामुळे आली. मी पहिल्यांदाच लुंगी नेसलो होतो, गच्चीवर वारा होता आणि मुलीच्या हातात कॅमेरा होता. तो फोटो मी कौतुकानं सांभाळून ठेवला, तो नेमका सामायिक फोल्डरमध्ये. सकाळी तो घरोघरी स्वार झाला. खालच्या राघवन मामींनी गेटापाशी तोंडाला पदर लावून "सार, लुंगी सूपर!" म्हटलं, तेव्हा सुनंदा माझ्या शेजारीच उभी होती.

"आजच्या आज ती वायर काढायला सांगा. काय मेलं सगळ्यांनी सगळ्यांच्या घरात डोकावायचं!"

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मी वर गेलो. सेतुराव कॉफीचा पेला घेऊन पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर प्रत्येक घराच्या नावाचं एकेक चित्र, कॉम्प्युटर बंद असेल त्यावर लाल फुली. एक फुली पुसली गेली तसा त्यांचा चेहरा उजळला. "राघवन उठले! पाहिलें?" मग आमच्या नावाकडे बोट करून, "आपलें घर अजून निजलें आहे."

"आमचं फोल्डर उघडून बघता का तुम्ही?" मी सुरुवात केली.

"छे छे! दिवा दिसला म्हणून कोणी परक्याच्या घरांत शिरतो काय?" ते खरंच दुखावले. "तुमचा कसला तो फोटो, मामी सांगत होत्या. मी पाहिला नाहीं."

"मग रोज हे सगळं जोडता कशाला?"

ते कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी उगीचच ओतत राहिले. "आमचें कुटुंब जानकी होती तेव्हां पहांटें भांडीं वाजत. घर जागें जाहलें, हें पडल्या पडल्या कळे. आतां हें वाजत नाहीं, पण दिसतें." मग एकदम, "आपण कांहीं सांगावयास आलांत?"

"काही नाही. सहजच," म्हणालो आणि खाली आलो.

"काढताहेत ना?" सुनंदानं विचारलं. मी सगळं सांगितलं. तिनं पोळपाट बाजूला सारला, पिठाच्या हातांनीच जाऊन कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हातारा माणूस सकाळपासून आपली वाट बघत बसतो, आणि तुम्ही खुशाल घोरत पडता! उद्यापासून दात घासायच्या आधी हा लावायचा. आणि तो फोटो तेवढा पुसा."