ठिणगीशामक प्रथिनाची जागा

सोनक्का मट्टामीच्या रक्तात ठिणगीशामक प्रथिनाची एक जागा भरायची आहे, अशी जाहिरात सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. मी दचकले. तसं मला दचकायला जाहिरातच लागते असं नाही. मागून कोणी नुसतं 'मॅडम' म्हटलं तरी पुरतं. काचपट्टी सरळ करून मी जाहिरात शेवटपर्यंत वाचली.

सोनक्का आमच्या येरमागुडा आरोग्य केंद्रातली परिचर. मी बी.एस्सी. होऊन इथे लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले तेव्हा रुग्णाच्या बोटाला सुई टोचताना माझेच डोळे मिटायचे. तिनं माझा हात हातात धरून ते काम शिकवलं. आता अकरा दिवस ती स्वतः खाट नंबर चारवर हिवतापानं पडून होती. गोळ्यांचा एक कोर्स संपला, ताप उतरला नाही.

कारण आम्हाला ठाऊक होतं. हिवतापाचा जंतू रक्तातलं हिमोग्लोबिन खातो. खाताना त्यातलं लोह सुटं होतं आणि जंतूच्याच पोटात ठिणग्या उडतात. आमची गोळी त्या ठिणग्या वाढवते. त्यात जंतू जळून जायला हवा, पण त्यानं एक प्रथिन नोकरीला ठेवलेलं असतं. ते प्रत्येक ठिणगी स्वतःच्या तळहातावर झेलतं, हात भाजून घेतं, शेजारच्या सहकाऱ्याकडून तो बरा करून घेतं आणि पुढच्या ठिणगीला तयार राहतं. सोनक्काच्या रक्तातलं हे प्रथिन वयोमानानुसार निवृत्त होत होतं. जंतू लाखो असले तरी आस्थापना एकच, म्हणून जागाही एकच.

डॉ. उराडेंनी भिंगाला डोळा लावला. "कुठल्याही शाखेची पदवी. वय अठरा ते अडतीस. भांडेकर, तुम्ही बसता की यात."

"मी, सर?"

"अर्ज करा. आणि निवड झाली की कामावर जाऊच नका. ठिणग्या झेलायला कोणी नसेल, दुसरा कोर्स लागू पडेल."

"सर, मी शाळेपासून एकही दिवस गैरहजर राहिलेली नाही."

"यापुढचं औषध माझ्याकडे नाही, भांडेकर. नदीला पूर आहे, तिला जिल्ह्याला हलवता येत नाही. हा कोर्स वाया गेला तर सोनक्का जाईल."

मी अर्ज केला.

मुलाखत दुपारी तीन वाजता, सूक्ष्मदर्शकाच्या शंभरपट भिंगाखाली झाली. जंतू अंगठीच्या आकाराचा होता आणि अदबीनं बोलत होता. त्याच्या शेजारी निवृत्त होणारं प्रथिन बसलं होतं. सगळे त्यांना रेडॉक्सिनकाका म्हणत. त्यांचे दोन्ही तळहात कोळशासारखे काळे होते. माझ्याआधी सोनक्काच्या तांबड्या पेशीतल्या एका प्रथिनाची मुलाखत झाली. ते काकांच्या भावकीतलंच, आणि हेच काम सोनक्कासाठी वर्षानुवर्षं केलेलं. माझ्याकडे अनुभव शून्य. जागा हातची गेली असं मी धरून चालले.

"ठिणगी दिसली तर काय कराल?" जंतूनं विचारलं.

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात काकांनी टेबलाखालून एक ठिणगी सोडली. मी किंचाळले. भानावर आले तेव्हा माझा हात पुढे गेलेला होता आणि ठिणगी तळव्यावर चुरचुरत होती.

"अनुभव काय, येत राहतो," काका जंतूला म्हणाले. "दचकणं उपजतच लागतं. या बाई माझ्याही आधी दचकल्या."

नेमणुकीचा आदेश साडेचारला हातात पडला. त्यातली सहावी अट अशी होती की उमेदवार हजर न झाल्यास निवृत्त कर्मचाऱ्यास मुदतवाढ देण्यात येईल.

डॉक्टरांनी ती दोनदा वाचली. "म्हणजे जावं लागणार. हजर राहायचं, पण झेलायचं नाही."

"सर, हात आपोआप जातो."

"जाऊ द्यायचा नाही."

मंगळवारी दहा वाजता मी खाट नंबर चारशेजारच्या स्टुलावर रुजू झाले. वेळ दहा ते साडेपाच. त्याव्यतिरिक्त जंतू खात नसे. काकांना शाल आणि नारळ देऊन झाला होता. कार्यभार माझ्याकडे आल्यामुळे त्यांना एकाही ठिणगीला हात लावायची मुभा नव्हती. नव्या माणसाला मार्गदर्शन मात्र करता येत होतं, आणि ते त्यांनी मनापासून केलं.

साडेदहाला सोनक्कानं गोळ्या घेतल्या. अकराला पहिली ठिणगी उडाली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले.

"बाई, डावीकडे!" काका ओरडले. "अहो, डावीकडे म्हणतो ना मी! ही दुसरी! पदवी कोणी दिली तुम्हाला?"

प्रत्येक ठिणगीला मी स्टुलासकट उडत होते. सोनक्कानं एक डोळा उघडला.

"काऊन उड्या मारून रायली गं पोरी? मरू घातली मी, अन् नाचते तू."

पण हात बाहेर आला नाही. संध्याकाळी ताप एकशे चारवरून एकशे दोनवर आला.

बुधवारी सव्वा वाजता वॉर्डात कोणाच्या तरी हातून ट्रे पडला. मी त्या आवाजाला दचकले, आणि हात सुटला. एकदा सुटल्यावर तो थांबेना. अकरा ठिणग्या झेलल्या मी, लागोपाठ. "वा! याला म्हणतात कर्मचारी!" काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वाजता ताप पुन्हा एकशे चार झाला. डॉक्टरांनी तक्त्यावर आकडा लिहिला आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या.

साडेपाचला मी सोनक्काला सगळं सांगितलं. फोड आलेला तळवा दाखवला.

तिनं तो डोळ्यांजवळ ओढून पाहिला. "उद्या हात माह्याकडं दे."

"अक्का, तुझ्या अंगात उठून बसायची ताकद नाही."

"ताकद मले नको सांगू. धरून ठेवाले काय लागते?" मग ती हसली. "तू दचक ना बाप्पा, खुशाल दचक. हात तेवढा मी सोडत नाही."

गुरुवारी दहापासून माझी दोन्ही मनगटं तिच्या हातांत होती. शेवटच्या गोळ्या डॉक्टरांनीच तिच्या जिभेवर ठेवल्या. त्या दिवशी ठिणग्यांना खंड नव्हता. मी दचकायचे, माझे हात वर उसळायचे, त्यांच्याबरोबर तिचे हातही वर यायचे आणि चारही हात पुन्हा चादरीवर पडायचे. दुपारपर्यंत माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मी एकदाही 'सोड' म्हटलं नाही. काकांचा घसा बसला.

दोन वाजता जंतू स्वतः चौकशीला आला. त्याची अंगठी एका बाजूनं करपली होती, पण बोलणं तसंच अदबीचं होतं.

"बाई, आपण हजर आहात. ठिणगी आपल्याला दिसते, आपण दचकताही. मग हात का पुढे येत नाही?"

"हात मोकळे नाहीत."

"कोणाकडे आहेत?"

"ज्यांचं रक्त आहे त्यांच्याकडे."

जंतूनं ते लिहून घेतलं. "याबद्दल नियमांत काही नाही," तो म्हणाला. त्यानं काकांकडे पाहिलं.

काकांनी स्वतःचे काळे तळहात शालीखाली घेतले. "मी निवृत्त आहे, साहेब," ते म्हणाले.

चारनंतर ठिणग्या विरळ झाल्या, कारण खाणारेच कमी उरले होते. पाचला डॉक्टरांनी तिच्या बोटातून रक्त घेतलं. ते बोटही त्यांनी माझ्या मनगटावरून न उचलताच टोचलं. सव्वापाचला ते काचपट्टी वाचून परत आले. ताप साडेअठ्ठ्याण्णव होता. त्यांनी माझ्यासमोर एक कागद धरला.

"आस्थापना बंद झाली. बंद झाल्याच्या दाखल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याची सही लागते, आणि दुसरं कोणी उरलेलं नाही."

मी सोनक्काकडून उजवा हात तेवढा मागून घेतला. सही केली आणि हात परत दिला. कामाची वेळ संपायला अजून दहा मिनिटं होती.