खांदे तपासणारे मोहरीलकाका

मोहरीलकाका ध्यानाला बसलेल्या माणसाला स्टिकर लावतात. लाल, बाणाचं, नखाएवढं. सीतापुऱ्यातल्या कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं माल तपासला. कुर्त्याची शिवण उसवलेली दिसली की तिथं असा बाण चिकटवायचा आणि माल परत पाठवायचा. काका निवृत्त झाले, पण बाण सुटले नाहीत. आता मानसरोवर वसाहतीतल्या एका सभागृहात दर मंगळवारी ते कॅन्सरच्या पेशंटांचं ध्यान घेतात आणि आमच्यातले दोष काढतात.

तुम्ही डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत असता. तेवढ्यात खांद्यावर काहीतरी टेकतं. "मतलब, इथं आवळलंय. सोडा." खांदा सैल झाला की बाण निघतो आणि कानाशी आवाज येतो, "पास."

पहिल्या दिवशी मी भडकले होते. केमोनं केस गेलेले, तोंडाची चव गेलेली, कॉलेजातून बिनपगारी रजा, आणि हे गृहस्थ माझ्या जबड्याला बाण लावतात!

"यानं माझी गाठ जाणार आहे का?" मी विचारलं.

"छे! गाठ डॉक्टर बघतील. मी खांदे बघतो."

या एका उत्तरासाठी मी दुसऱ्या मंगळवारी गेले. तोवर भेटलेला प्रत्येक जण मला कसला ना कसला रस पाजून बरं करायला निघाला होता.

चाकसूहून गीताबाई यायच्या, चांगला हातभर घुंघट घेऊन. जबडा दिसेना म्हणून काकांनी घुंघटावरच बाण लावला. "यो कांई छै, भैया?" हे काय म्हणून बाई दचकल्या. काका हिंदी-मराठीची खिचडी करून समजावत बसले. ध्यान राहिलं बाजूला, आम्ही नऊच्या नऊ जण पोट धरून हसलो. बाई तो बाण तसाच मिरवत बसनं गावी गेल्या.

संक्रांतीनंतर त्या आल्याच नाहीत. त्यांच्या सुनेचा फोन आला. तरी काकांनी त्यांची सतरंजी अंथरलीच. मग नवांचे सहा झाले, सहांचे तीन.

गेल्या मंगळवारी मी रिपोर्ट पर्समध्ये घेऊन गेले. यकृतात पसरलंय. आता केमो नको, असं डॉक्टर म्हणाले. इतक्या गोड आवाजात म्हणाले की त्यावरूनच सगळं समजलं. बाकीचे दोघं आले नव्हते. काका स्टिकरचं पान घेऊन माझ्यामागे उभे राहिले.

"आज लावायला लागलात तर अख्खं पान संपेल, काका," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. काय झालं ते कसंबसं सांगितलं.

काका समोर येऊन बसले. स्टिकरचं पान खाली ठेवलं.

"आमची ही दवाखान्यात फार कण्हायची," मग ते म्हणाले. "मी पुस्तकात वाचून तिला ध्यान शिकवत होतो. मतलब, खांदे सोड, हात सोड. माझं बोट ती घट्ट धरून असायची. एका सकाळी तिनं ते सोडलं. मला वाटलं, जमलं एकदाचं." त्यांनी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. "मी तिला 'पास' म्हणालो, ताई. नर्स आली तेव्हा मी तिला शाबासकी देत होतो."

मी डोळे पुसायची थांबले.

"म्हणून दर मंगळवारी 'पास' म्हणतो," काका म्हणाले, "आणि समोरचा डोळे उघडतो की नाही ते बघत राहतो."

त्यांना धीर द्यावा की आपलं रडावं, मला कळेना. धीर माझ्याकडे नव्हताच. ध्यानानं त्यांचं काही भलं झालं नव्हतं, माझंही होणार नव्हतं, एवढं त्या रिकाम्या सभागृहात अगदी स्वच्छ दिसलं.

"पुढच्या मंगळवारी माझ्यानं येववेल असं वाटत नाही," मी म्हटलं.

"मग मी तुमच्याकडे येतो. ध्यान नाही, काही नाही. नुसते बसू. किती वाजता येऊ?"

"चारला या."

काकांनी सतरंज्या गोळा केल्या, दिवे घालवले, दाराला कुलूप लावलं. पायरीवर येऊन थांबले.

"मतलब, तीनला आलो तर चालेल?"