राक्षसाच्या सहीचं कार्ड

लग्नाची पत्रिका आली की आमच्या बिल्डिंगमधले लोक तारीख बघतात आणि आहेर काय द्यायचा त्यावरून भांडतात. मोघे कागद बघायचे. दोन बोटांत धरून उजेडात न्यायचे आणि समाधानाने म्हणायचे, "वहिनी, यात दोन ड्रॅगन सहज बसतील."

समारंभ उरकला की पत्रिका त्यांच्या ताब्यात. गणपती कापून आधी वेगळा काढायचा, तो देवघराच्या खणात. उरलेल्या सोनेरी कागदाचे ड्रॅगन. स्वतः बिनलग्नाचे, वय त्रेचाळीस, आणि दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका कापून तिसऱ्यांच्या प्रेमाची कार्डं बनवणार. हे मी त्यांना तोंडावर सुनावलं होतं. त्यावर उत्तर आलं, "तांत्रिकदृष्ट्या याला रिसायकलिंग म्हणतात."

अरविंद मोघे लखनौच्या गोमती नगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मोबाईलला बटणं असायची तेव्हाची ही गोष्ट. माणूस मूळचा साताऱ्याचा, इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, नावापुढे डिग्र्यांची ही एवढी शेपटी. सोमवार ते शनिवार उंदरांना इंजेक्शनं द्यायची आणि रविवारी दुपारी राक्षस व्हायचं, असा त्यांचा आठवडा.

राक्षस म्हणजे खेळातला. चार-पाच कमावती, धडधाकट माणसं टेबलाभोवती बसतात. एक म्हणतो मी योद्धा, दुसरा म्हणतो मी जादूगार. मोघे गोष्ट सांगतात आणि गोष्टीतले यच्चयावत राक्षस स्वतः होतात. तुमचा वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. टेबल आमचं, कारण मोघ्यांच्या टेबलावर कात्री, डिंक आणि ड्रॅगनची पिलावळ. चहा आमचा, हे सांगायलाच नको.

या खेळाचे वेडे लखनौत मूठभर होते, पण ते सगळेच्या सगळे प्रेमात पडलेले आणि एकालाही त्याबद्दल धड बोलता येत नव्हतं. ते मोघ्यांकडे यायचे. मोघे त्यांना कार्ड करून द्यायचे. एका कार्डावर जखमी योद्धा गुडघे टेकून बसलेला आणि खाली, "जान हाज़िर है, बस तीन पॉइंट बची है." दुसऱ्यावर, "तुझ्यासाठी मी ड्रॅगनशी लढेन. फक्त रविवारी. इतर दिवशी ऑफिस असतं." अशा मजकुरावर मुली हो म्हणतात यावर माझा विश्वास नव्हता. पण टेबलावरचा योद्धा खरंच लग्न ठरवून मोकळा झाला आणि पत्रिका घेऊन आला. मोघ्यांनी तीही उजेडात धरली.

याच टेबलावर वसुधा बसायची. मोघ्यांच्याच संस्थेत, शेजारच्या लॅबमध्ये काम करायची. नागपूरची, चाळिशीला टेकलेली, एकटीच राहणारी. खेळात ती जोगीण, मंत्र म्हणून जखमा बऱ्या करणारी. मोघ्यांचे राक्षस सगळ्यांना बुकलून काढायचे, पण तिच्यापुढे आले की त्यांच्या अंगात एकदम संस्कार यायचे. आठ फूट उंच, दोन शिंगांचा राक्षस हातातली गदा खाली ठेवून "अहो मॅडम" म्हणायचा. बिल्डिंगच्या वॉचमनला कळलं होतं. वसुधाला तेवढं कळत नाही, असं मी समजून चालले होते.

मग एका रविवारी तिने सांगितलं की तिचा प्रोजेक्ट संपला, पुण्याला नोकरी मिळाली, महिन्याच्या शेवटी निघायचं. मोघे त्या दिवशी दोनदा हरले. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि स्पष्ट सांगितलं, लोकांची कार्डं पुरे, आता स्वतःचं करा, नाहीतर बसा जन्मभर उंदीर टोचत. ते म्हणाले, काम चालू आहे. काम तीन रविवार चाललं. माझ्या नणंदेच्या लग्नाची, मी जपून ठेवलेली जरीच्या काठाची पत्रिकासुद्धा त्यात कामी आली.

शेवटच्या रविवारी, भर खेळात, मोघ्यांचा राक्षस गुहेतून बाहेर आला आणि त्याने जोगिणीला कार्ड दिलं. आतला मजकूर तिने मोठ्याने वाचला: "बाई, तुम्ही माझ्या खूप जखमा बऱ्या केल्यात. यापुढे जखम नसतानाही यावं म्हणतो. आलो तर चालेल का?" खाली सही, गुहेतला राक्षस.

आता एवढं झाल्यावर इतर माणसांनी काय केलं असतं? टाळ्या वाजवल्या असत्या, निदान गप्प बसले असते. आमचा योद्धा ओरडला, "अंकल, ये पक्का ट्रैप है." जादूगाराने कागदाला विष लावलंय का ते तपासायला फासा टाकला. मग सगळ्यांचं एकमत झालं की राक्षसाची विनवणी जोगिणीला पटली की नाही हेही फाशानेच ठरावं, नियम मोघ्यांनीच घालून दिलेत. आणि या विद्वान गृहस्थाने स्वतःच्या मागणीवर स्वतः फासा टाकला. चार पडले. नियमाप्रमाणे सपशेल नापास. वसुधाने कार्ड मिटून पर्समध्ये ठेवलं, राक्षसाला खेळातल्या औषधाच्या दोन बाटल्या दिल्या आणि खेळ पुढे सुरू झाला. मला चहाची किटली कुणाच्या तरी डोक्यात घालावीशी वाटत होती.

दोन दिवसांनी मीच तिला अमौसी विमानतळावर सोडायला गेले. मोघ्यांना लॅबमध्ये अचानक फार काम निघालं होतं. वाटेत वसुधाने एका चिठ्ठीवर पुण्याचा पत्ता लिहून माझ्या हातात दिला. मग पर्समधून ते कार्ड काढलं.

"वहिनी, हे राक्षसाने दिलं की मोघ्यांनी?"

मी म्हणाले, त्यांनाच विचार.

"दोन वर्षं वाट बघितली मी. राक्षसाला मी काय उत्तर देणार? मोघ्यांनी विचारलं असतं, तर लगेच दिलं असतं."

घरी आले तर मोघ्यांचं दार उघडं, लॅबबिब काही नाही, हातात कात्री. विमान वेळेवर सुटलं का, एवढंच विचारलं. मी वसुधाचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि त्यांचा चेहरा बघून रडूही येत होतं. मग त्यांनी टेबल एका हाताने साफ केलं आणि एक साधा पांढरा कागद पुढे ओढला. दोन ओळी लिहिल्या. मला दिसू नये म्हणून वर तळहात धरला होता. शेवटी पेन थांबलं.

"वहिनी, खाली काय लिहू? मोघे की अरविंद?"

"अरविंद लिहा."

त्यांनी लिहिलं. पाकिटावरचा पत्ता मात्र मला घालावा लागला. ते तोवर टेबलावरून खाली पाडलेला डिंक शोधत होते.